शेवटच्या सायकलीमागे

मागच्या रविवारी झाडीतल्या रस्त्यावर मी सायकल हातात धरून चालत होतो, आणि तुम्ही थांबून विचारलंत, "पंक्चर झालं का?" मी हो म्हणालो. पंक्चर झालं नव्हतं. दोन्ही चाकं टणक होती, आणि ते तुमच्या लक्षात आलं असावं, कारण तुम्ही एकदा चाकाकडे पाहिलंत, एकदा माझ्याकडे, आणि पुढे काही न विचारता निघून गेलात. आता म्हणताय, उद्यापासून मलाही बरोबर घ्या. घेतो. पण आधी बसा जरा. लाइट यायला वेळ आहे, हा दिवा तासभर तरी पुरेल. हे तुम्हाला गावात कुणाकडून तरी कळणारच आहे, तर माझ्याकडून कळलेलं बरं.

बदली होऊन आलेल्या माणसाला जालना म्हणजे लोखंड आणि बियाणं एवढंच ठाऊक असतं. मी स्वतः बियाण्यातलाच. एका कंपनीच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदावर दाणे मांडायचे आणि शंभरातले किती उगवतात ते बघायचं, ही माझी नोकरी. सहा दिवस एकाच खोलीत. म्हणून रविवार उजाडला की मी सायकल काढायचो. मोती तलावापासून निघायचं, शहर मागे टाकायचं, घाणेवाडीच्या तलावाच्या कडेकडेने जात वन विभागाच्या झाडीत शिरायचं. झाडी संपते तिथे एक लहानसा पाझर तलाव आहे, त्याला वळसा घालून परत. बेचाळीस किलोमीटर. डिसेंबरात त्या पाण्यावर धुकं असं बसलेलं असतं की तलाव आला हे नुसत्या वासावरून ओळखायचं, शेवाळाच्या आणि ओल्या चिखलाच्या. झाडीत कडुनिंब, सुबाभूळ, थोडे साग. सागाची वाळकी पानं चाकाखाली आली की पापड मोडल्यासारखी वाजतात. याहून सुंदर रस्ता आपल्या जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी आजही म्हणतो.

तेव्हा आम्ही चौघंपाच जण असायचो. भारत आमचा म्होरक्या. अंबड रोडला त्याचं सायकलचं दुकान, घरची शेती वडीगोद्रीला. गंधाली दातांची डॉक्टर. मी. आणि गिरिधरकाका.

रांगेत चालवायचे आमचे काही नियम होते. एकामागे एक चालवताना मागच्याला रस्ता दिसत नाही. त्याला दिसते ती पुढच्याची पाठ आणि पुढच्याचं चाक. म्हणून सगळ्यांत पुढच्याने खड्डा पाहिला की हात खाली करून बोट दाखवायचं आणि ओरडायचं, "खड्डा!" दुसऱ्याने तेच तिसऱ्याला सांगायचं, तिसऱ्याने चौथ्याला. वाळू असो, ब्रेकर असो, कुत्रं आडवं येवो, शब्द असा रांगेतून मागे मागे जातो. शेवटच्याने मात्र काही म्हणायचं कारण नसतं. त्याच्या मागे कुणी नसतं.

आमच्यात शेवटी असायचे गिरिधरकाका, आणि ते तरीही म्हणायचे. पासष्टीचा माणूस, टपाल खात्यातून निवृत्त झालेला, मस्तगडला राहणारा. गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळून यायचे, त्यामुळे ते आले हे दिसण्याआधी नाकाला कळायचं. ऐकू कमी यायचं, म्हणून उजव्या कानामागे मशीन. मी "खड्डा" म्हटलं की पाठीमागून पत्ता वाचल्यासारखा सावकाश, स्पष्ट आवाज यायचा, "खड्डा." रिकाम्या रस्त्याला उद्देशून!

गंधालीने एकदा विचारलंच. "काका, तुमच्या मागं कोण आहे हो? कुणाला सांगता?"

"असंल कोणी," काका म्हणाले. "आपल्याला दिसत न्हाई म्हणून मागं कोणीच न्हाई, असं थोडंच हाय? घर बंद असलं तरी पत्र दाराच्या फटीतून आत सरकवायचं असतं, पोरी. आपलं काम बराबर करायचं."

चांगला माणूस होता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझा राग ऐकाल, आणि तुम्हाला वाटेल की त्याला काही कारण असेल. कारण काडीइतकं होतं.

काका माझ्या चाकाला चिकटून चालवायचे. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो आणि मागच्याला फुकटची चाल मिळते. सायकलवाले याला चाक पकडणं म्हणतात. पकडावं, त्यात गैर काही नाही. पण काका दीड वितीवर असायचे. माझ्या मानेला त्यांचा श्वास लागायचा. आणि वर चहाच्या टपरीवर माझीच फजिती रंगवून सांगायचे. एकदा चढावर माझा दम संपला, मी उतरून सायकल ढकलत निघालो आणि काका शेजारून पायडल मारत वर गेले. झालं. पुढचे दोन महिने नव्या माणसाशी माझी ओळख एकाच वाक्यात. "हा आमचा अपूर्व. हा सायकल चालवत न्हाई, सायकलीला फिरवून आणतो." सगळे हसायचे. मीही हसायचो. हसताना दात दिसतात, मन थोडंच दिसतं?

त्याला आता वर्षावर दोन महिने झाले. डिसेंबरचा रविवार, आम्ही चौघंच. त्या आठवड्यात झाडीतल्या उतारावर कुणीतरी पाइप टाकायला आडवी चारी खणली होती आणि तशीच ठेवली होती. धड उजाडलं नव्हतं. पुढून भारतचा आवाज आला, "खड्डा!" गंधालीने हात खाली केला आणि ओरडली, "खड्डा, मोठा आहे!" मी सायकल डावीकडे घेतली, कडेला हातभर रस्ता शाबूत होता. शब्द माझ्या जिभेवर आला होता.

मी तो गिळला.

विसरलो नाही. वेळ कमी पडला असंही नाही. निघायच्या आधीच काकांनी ते सायकलीला फिरवून आणायचं वाक्य परत ऐकवलं होतं, आणि माझ्या मनात आलं, बसू दे एक दणका. एक दणका बसला की अंतर ठेवायला शिकतील. एका दणक्यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता ते खरं होतं की नाही तेही मला नीट आठवत नाही.

मागे आवाज झाला तो फार मोठा नव्हता. भरलेली कळशी ओट्यावर आदळावी तेवढाच. मग त्यांच्या सायकलीचं मागचं चाक हवेत फिरत राहिलं, टिकटिक टिकटिक करत, आणि हळूहळू थांबलं.

भारत धावत मागे आला. काकांना पाहिलं आणि मग माझ्याकडे वळला. "भौ, तू आवाज दिल्ता ना?"

"दिला ना. दोनदा दिला."

"मंग त्यांला ऐकूच गेलं नसंल," तो म्हणाला, आणि डोकं धरून रस्त्यावर बसला.

दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मान मोडली होती. कागदपत्रं झाल्यावर नर्सने काकांच्या वस्तू एका पाकिटात घालून माझ्या हातात दिल्या: घड्याळ, किल्ली, कानाचं मशीन. मी पाकीट मुठीत धरून बाकावर बसलो आणि मुठीतून शिट्टी यायला लागली. बारीक, न थांबणारी. तुम्हाला माहीत आहे का, ही मशीनं चालू असताना मुठीत किंवा खिशात कोंडली की शिट्टी वाजवतात. कानात नीट बसली की गप्प होतात. म्हणजे मशीन चालू होतं. सकाळभर चालू होतं. मी "खड्डा" म्हटलं असतं तर तो शब्द सरळ त्यांच्या कानात गेला असता.

तेवढ्यात जिन्यावर प्रेमलाकाकू दिसल्या, काकांच्या पत्नी. पदर सुटलेला, एका पायात चप्पल नव्हती. मी पाकिटात बोटं घातली, मशीनचं बटण दाबून धरलं. शिट्टी बंद झाली.

काकूंनी माझा हात धरला. "अपूर्व, तू तर त्यांच्या पुढंच होतास. तू सांगितलं नव्हतं का रे त्यांना?"

"सांगितलं होतं, काकू."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला. "मशीन... रात्री चार्जिंगला लावायचं मी विसरले रे. रोज मीच लावते. काल डोकं दुखत होतं, तशीच झोपले. चालू होतं का ते? बघितलंस का तू?"

मला हो म्हणता आलं असतं. कदाचित काकांनी रात्री उठून स्वतःच लावलं असेल, कदाचित आदल्या दिवसाचं उरलं असेल. काहीही असो, चालू होतं, एवढं मला ठाऊक होतं. हो म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता.

"नव्हतं, काकू," मी म्हणालो.

माणसाच्या डोक्यावर ओझं ठेवताना निदान त्याची मान वाकलेली तरी दिसते. काकू ताठ उभ्याच राहिल्या. फक्त म्हणाल्या, "म्हणजे मीच."

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा निघालो, तिघं. तुम्ही विचाराल, कशाला गेलास? गेलो नसतो तर भारतने विचारलं असतं, का येत नाहीस. मनात काळं असलेला माणूस रोजचा क्रम मोडत नाही. आता शेवटी मी होतो. झाडी सुरू होत होती, घाणेवाडीचा तलाव अजून डाव्या हाताला, पाण्यावर धुकं, कुठेतरी टिटवी ओरडत होती. पुढून भारत म्हणाला, "ब्रेकर!" गंधाली म्हणाली, "ब्रेकर!" मी सवयीने पुटपुटलो, "ब्रेकर."

आणि माझ्या पाठीशी, दीड वितीवर, कुणीतरी सावकाश, स्पष्ट म्हणालं, "ब्रेकर."

मी मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता. सागाचं एक पान उलटं होऊन पडलं, तेवढंच. वास मात्र आला, निलगिरीच्या तेलाचा. त्या झाडीत निलगिरीचं एकही झाड नाही, हवं तर उद्या बघा.

पुढे वाळू आली. "वाळू," मी म्हणालो. "वाळू," मागून आलं. मग उतार लागला. ती चारी एव्हाना बुजवली होती, वर नवं डांबर फासलं होतं. तिथे आता सांगण्यासारखं काही नव्हतं, भारत आणि गंधाली गप्पच पुढे गेले. मीही. आणि त्या काळ्या पट्ट्यावर माझं पुढचं चाक चढलं तसा मागून आवाज आला. हळू... विनवल्यासारखा.

"पुढं काय हाय? ...अपूर्व, पुढं काय हाय?"

मी इतक्या जोरात पायडल मारले की गंधालीला ओलांडून गेलो, आणि ती मागून ओरडली, "अहो, शर्यत आहे का?"

वर्षभर, दर रविवारी, हेच. सगळे शब्द तो आवाज माझ्यामागून उच्चारायचा, आणि त्या पट्ट्यावर आलं की विचारायचा. आवाजात राग नसायचा. राग असता तर सोसला असता. दार उघडेना म्हणून पुन्हा कडी वाजवावी तसा तो विचारायचा.

काकूंकडे मी जायचो. महिन्यातून दोनदा तरी. औषधं, गॅसचा नंबर, बँकेतलं काम. लोक म्हणायचे, अपूर्व मुलासारखं करतो हो. त्यांचा खरा मुलगा नाशिकला, तो येऊन येऊन थकला, पण काकू जायला तयार नव्हत्या. कारण ते मशीन. रात्री नऊला चार्जिंगच्या डबीत ठेवायचं, पहाटे पाचला काढून काकांच्या फोटोपुढे ठेवायचं. रोज. "तिकडं गेले आणि एखाद्या रात्री राहून गेलं तर?" त्या म्हणायच्या. वजन निम्मं झालं होतं. डबीच्या हिरव्या दिव्याकडे बघत जाग्या राहायच्या, झोप अशी नव्हतीच. मी त्यांच्यासमोर बसून चहा प्यायचो. साखर कमी आहे का, असंही विचारायच्या. मी म्हणायचो, बरोबर आहे.

वर्षश्राद्ध झालं. पाहुणे उठले, तशा काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि मशीन माझ्या तळहातावर ठेवलं.

"एक काम करशील? उद्या रविवार. हे खिशात घालून ने आणि ते गेले तिथं एकदा मोठ्यानं आवाज दे. त्या दिवशी दिल्तास तस्साच. आज फुल चार्जिंग हाय बघ." त्यांनी माझी बोटं मिटवली. मुठीतून शिट्टी वाजली आणि काकू हसल्या, वर्षात पहिल्यांदा. "आता त्यांना ऐकू जाईल."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मान डोलावली आणि निघालो.

रविवारी मी भारतला कळवलंच नाही, एकटा निघालो. साडेपाचला. धुकं असं की मोती तलावाचा कठडासुद्धा दिसत नव्हता. पाठीवरच्या खिशात मशीन शिट्टी वाजवत होतं. शहर संपलं, तलाव आला, चिखलाचा वास आला, शिट्टी चालूच. झाडीत शिरलो. दिव्याच्या उजेडात चार हात रस्ता, त्यापुढे पांढरं. पानं मोडत होती, माझ्या चाकाखाली आणि... माझ्या मागच्या चाकाखाली म्हणून मी स्वतःला समजावलं. पण पानं दोन जागी मोडत होती.

उतार लागला, आणि शिट्टी थांबली.

चार्जिंग संपलं असेल, मी म्हणालो. हात मागे नेऊन खिसा चाचपला. मशीन होतं. कोमट होतं, कानामागून नुकतंच काढल्यासारखं. आणि मला आठवलं, ते गप्प कधी होतं ते.

काळा पट्टा दिव्याच्या उजेडात आला. मागून, अगदी मानेशी:

"पुढं काय हाय, अपूर्व?"

"खड्डा," मी म्हणालो. पुन्हा म्हणालो, ओरडून, रडत. "खड्डा! काका, खड्डा आहे! मोठा आहे!"

मग सावकाश, स्पष्ट, पत्ता वाचल्यासारखं: "खड्डा."

आणि त्याच्याही मागे, दहा हातांवर, दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात: "खड्डा."

त्याच्या मागे एका बाईचा. "खड्डा." मग अजून लांब, पुरुषाचा, घोगरा. मग ओळखू न येणारे. शब्द धुक्यातून मागे मागे जात राहिला, तलावापर्यंत, तलावाच्याही पलीकडे, आणि मला शेवटपर्यंत शेवटचा आवाज ऐकू आलाच नाही. असंल कोणी, काका म्हणायचे.

मी थेट मस्तगडला गेलो. शूज काढायचंही भान नव्हतं. काकूंनी मशीन घेतलं, मुठीत धरलं, ते वाजलं. "चालू हाय," त्या म्हणाल्या. "दिलास आवाज?"

"काकू, मी त्या दिवशी आवाज दिला नव्हता."

मुठीतली शिट्टी थांबली. काकूंनी मूठ उघडली. मशीनवरचा बारीक हिरवा दिवा जळत होता. त्यांनी मूठ पुन्हा घट्ट मिटली. काही नाही. गप्प. खोलीत आम्हा दोघांशिवाय आणखी कुणीतरी कान देऊन उभं होतं, हे त्यांनाही कळलं आणि मलाही. मी सगळं सांगितलं. गिळलेला शब्द, दवाखान्यातली शिट्टी, दाबलेलं बटण. शेवटचं वाक्य संपलं तशी मुठीत शिट्टी पुन्हा सुरू झाली.

"ऐकलं त्यांनी," काकू म्हणाल्या.

मी त्यांच्या पायाशी बसलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"वर्षभर मी त्या दिव्याकडं बघत बसले, अपूर्व. आणि तू इथं समोर बसून चहा पीत होतास. माफी मागू नको. माझ्याकडं न्हाई ती. असती तर आधी मी मला दिली असती." मग त्या उठल्या आणि भिंतीतून चार्जिंगची पिन उपटली. "भारतला सांग. त्या डॉक्टर पोरीला सांग. आणि जा आता."

सांगितलं. भारत दुकानात चाकाच्या तारा आवळत होता. ऐकलं, पान्हा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आमच्यासंग येऊ नको." गंधालीने दवाखान्याचं दार लावून घेतलं. काकू पुढच्या आठवड्यात नाशिकला गेल्या. जेवतात म्हणे आता. मला हलकं वाटायला हवं होतं ना?

म्हणून मी एकटा असतो. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी कान देऊन चालवत होतो. मागे कुणी नव्हतं. पानं फक्त माझीच मोडत होती. मोकळा झालो म्हणून मी मोठ्याने हसलो. आणि तेवढ्यात पुढून, धुक्यातून, आवाज आला.

"खड्डा."

मी ब्रेक दाबले. दहा हातांवर खरंच खड्डा होता.

काका आता पुढे असतात. मला दिसत नाहीत, वास येतो, चाकाची टिकटिक ऐकू येते. वाळू असली की वाळू म्हणतात, कुत्रं असलं की कुत्रं, आणि कुत्रं निघतं. आजवर एकदाही चुकले नाहीत. पण त्या उतारावर आले की गप्प होतात. टिकटिकसुद्धा थांबते. पुढे काही असेल, नसेल, ते सांगत नाहीत. आणि मला पक्कं माहीत आहे की एक ना एक दिवस तिथे काहीतरी असेल. म्हणून मी उतरतो आणि तेवढा रस्ता चालत जातो. पंक्चर वगैरे काही नसतं.

तेव्हा उद्या यायचं तर या, साडेपाचला, मोती तलावापाशी. हेल्मेटचा पट्टा घट्ट बांधा. माझ्या चाकाला चिकटू नका, अंतर ठेवा. मला पुढून जे ऐकू येईल ते सगळं मी तुम्हाला सांगीन, एकही शब्द ठेवून घेणार नाही. पण मला सांगणाऱ्याचा भरवसा मी तुम्हाला देऊ शकत नाही.

आणि आणखी एक. मागच्या रविवारी तुम्ही थांबलात, विचारपूस केलीत आणि निघून गेलात. मी तिथेच उभा होतो. तेव्हा पुढून काका बोलले. त्या उतारावर पहिल्यांदाच. "आता तुझ्या मागं कोण हाय?" असं विचारलं. मी उत्तर दिलं नाही, पण उद्या पुन्हा विचारतील, आणि त्यांच्याशी मला आता खोटं बोलता येत नाही.

तुमचं नाव काय म्हणालात?